पुण्यापर्यंत टिकायचं

चाळीतली माणसं सायकल शर्यतीला गेली की किस्से गोळा करावे लागत नाहीत, ते आपसूक अंगाला चिकटून येतात. आता हसत सांगतो, पण तेव्हा हसायला सुचत नव्हतं.

गोष्ट संयुक्त महाराष्ट्राच्या धामधुमीतली. मुंबई ते कोल्हापूर अशी टप्प्याटप्प्यांची शर्यत होती. सायकल कंपन्यांचे पगारी रायडर, आणि त्यांच्यात चिंचपोकळीचा आमचा दत्तू गावडे! दत्तू गिरणीत बदली कामगार. कुणी खाडा केला तरच त्या दिवशी काम, नाहीतर गेटवरूनच परत. त्याच्या खात्याचे मास्तर शर्यतीचे शौकीन. ते म्हणाले होते, "पुण्यापर्यंत टिकलास तर पर्मनंट करतो." पण पुण्याच्या आधी, दुसऱ्या टप्प्याला खंडाळ्यात, फक्त पहिले वीस ठेवून बाकीच्यांना घरी पाठवणार होते. पंक्चर काढायला आमचा दोस्त कांबळे होता, आणि घड्याळ घेऊन मी.

*

लालबागला शर्यत सुटायची होती. दत्तूच्या आईने नारळ आणला. मालवणी माणूस गाऱ्हाणं घातल्याशिवाय मोठ्या कामाला निघत नाही. चाळीतल्या तात्यांनी सुरुवात केली, "बा देवा म्हाराजा..." आणि आम्ही "व्हय म्हाराजा!" तात्यांनी गावचा देव घेतला, शेजारच्या गावांचे घेतले, वाटेतल्या घाटाचाही सोडला नाही. इकडे झेंडा पडला, रायडर सुटले, आणि दत्तू हात जोडून उभा. नारळ फुटल्याशिवाय हलणार कसा?

माझ्या घड्याळात दोन मिनिटं गेली. मी तात्यांना खुणावलं, तर त्यांनी मलाच दटावलं, "देवाक घाई करतंस रे?"

*

दत्तू सुटल्यावर आईने आम्हालाही अंगारा लावायला घेतला. कांबळेने नुकतीच दीक्षा घेतली होती. तो अवघडून म्हणाला, "मावशी, मी बौद्ध झालो."

आईने अंगाऱ्याचं बोट मागे घेतलं. "बरा. मगे पंपाक लावतंय."

*

भायखळ्याच्या एका भाजीवाल्याच्या ट्रकमध्ये कांद्याच्या गोणींवर बसून आम्ही मागून निघालो आणि वाटेत दत्तूलाही मागे टाकलं. शीवला बघतो तर रस्ताभर मोर्चा! पुढचे रायडर "प्लीज, प्लीज" करत अडकलेले. तेवढ्यात दत्तू मागून पोचला. गिरणीच्या गेट मीटिंगला घोषणा द्यायचं काम त्याचंच. सवयीने त्याने आवाज टाकला, "मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र..."

लोकांनी "झालाच पाहिजे!" म्हणत मागे वळून पाहिलं आणि आपल्या माणसाला वाट करून दिली. त्या वाटेने दत्तूच्या मागोमाग सगळेच पगारी रायडर निघाले.

"तात्यांनी घालवलेली दोन मिनिटं मोर्चाने परत दिली," कांबळे म्हणाला. मला मात्र पोलिसांच्या गाड्या दिसत होत्या. लाठी चालली असती तर काय, हाच विचार पनवेलच्या मुक्कामापर्यंत माझ्या डोक्यात होता.

*

कांबळेची धास्ती अंगठ्यात असायची. दुसऱ्या दिवशी पनवेलला त्याने दत्तूचं टायर पंधरा वेळा दाबलं, मग इतरांची दाबली, मग शर्यतीच्या पंचसाहेबांच्या मोटारीचंही. ते खरंच बसलेलं निघालं. साहेब खूश होऊन म्हणाले, तुमच्या रायडरसाठी काही मदत लागली तर सांगा. कांबळे म्हणाला, "साहेब, घाट थोडा कमी करता येईल का?"

*

घाट कमी झाला नाही. खंडाळ्याला वर उभे राहून आम्ही येणारी डोकी मोजत होतो. पंधरा झाले, सोळा झाले. प्रत्येक वळणावर मला दत्तूच दिसायचा आणि जवळ आला की दुसराच निघायचा. अठरा. एकोणीस. विसावा एक पंजाबी आला. त्याच्या मागे, हाताच्या अंतरावर, दत्तू. एकविसावा.

दत्तूने सायकल पुसली, आईने दिलेली भाकरी तिघांत वाटली आणि झोपला. आईला काय सांगायचं, या विचाराने मला झोप लागली नाही.

सकाळी उठलो तर दत्तू जागेवर नव्हता. आम्ही धावत सुटायच्या जागी गेलो. दत्तू पाठीवर नंबर बांधून, सायकल धरून, दोरीच्या बाहेर उभा होता. पंचसाहेब त्याला सांगत होते की बाबा, तुझं नाव यादीत नाही, तू घरी जा.

"माहीत आहे, साहेब," दत्तू म्हणाला. "बदलीला उभा आहे."

साहेबांनी मान हलवली आणि हजेरी सुरू केली. सोळा नंबर, हजर. सतरा नंबर. कुणी बोललं नाही. साहेबांनी पुन्हा पुकारा केला, मग तिसऱ्यांदा. रांग मोजली. एकोणीस.

साहेबांनी यादीतल्या सतरा नंबरवर रेघ मारली. मग त्यांनी दोरी वर उचलली.

"चल, आत ये."