आठ खुर्च्यांचे अध्यक्ष

खुर्च्या मोजल्याशिवाय काका तोंड उघडत नसत. बोट हवेतून एकेका खुर्चीवर टेकवत जायचे आणि आठही भरल्या की म्हणायचे, "हं. एकाचं जरी 'नाही' आलं, तरी ठराव नाही. चला."

हे नेदरलँड्समधल्या आमच्या झूटरमेरच्या इमारतीतलं. आठ घरं, आठ मालक, आणि सोसायटीचे अध्यक्ष हे पुण्याचे काका. नोकरीने डेल्फ्टला, समुद्रातला बर्फ मोजायचे. उत्तर ध्रुवाभोवतीच्या आठ देशांची परिषद आहे ना, तिच्या बैठकांना डच पथकाबरोबर जायचे. नेदरलँड्स तिथे नुसता निरीक्षक. म्हणजे भिंतीलगत बसायचं, ऐकायचं आणि गप्प राहायचं. आता पुण्याच्या माणसाला असं गप्प बसवलं तर काय होणार? काकांनी सगळा सूड आमच्या इमारतीवर उगवला. तिकडचे नियम जसेच्या तसे इकडे. अध्यक्षपद दर दोन वर्षांनी पुढच्या घराकडे, निर्णय आठांच्या संमतीनेच, आणि आमच्यासारखे भाडेकरू ते निरीक्षक.

"निरीक्षक, भिंतीला!" मला आणि बायकोला बघून ते भर सभेत मराठीत ओरडायचे. डच मंडळींना वाटायचं, चहा विचारतायत.

आठांचं एकमत म्हणजे काय चीज असते, ते तुम्हाला सांगून खरं वाटणार नाही. जिन्याचा रंग ठरता ठरता रंगाऱ्याची दाढी पांढरी झाली, आणि शेवटी त्या दाढीचाच रंग एकमताने मंजूर झाला.

कोरोनाच्या पहिल्या उन्हाळ्यात सभा मागच्या अंगणात भरली, दीड दीड मीटरवर खुर्च्या मांडून. शेवटच्या खुर्चीला ऐकू जावं म्हणून काकांनी मागचं इतिवृत्त असं काही खणखणीत वाचलं, की पलीकडच्या कालव्यातली बदकं उडाली ती रॉटरडॅमच्या बंदरात जाऊन उतरली.

त्याच सभेत दुसऱ्या मजल्यावरच्या गृहस्थांनी ठराव मांडला, की बाहेरच्या कुणालाही इमारतीत पाऊल टाकू द्यायचं नाही. सात माना हलल्या. तळमजल्यावरच्या बाई म्हणाल्या, "नाही." बाई मूळच्या रशियाच्या, अर्खांगेल्स्कच्या. पियानो शिकवायच्या, एकट्या राहायच्या. गुडघे गेलेले, त्यामुळे रोज सकाळी नर्स यायची.

"सात विरुद्ध एक," गृहस्थ म्हणाले.

"विरुद्ध कसलं? एक 'नाही' आहे. विषय संपला," असं म्हणून काकांनी कागद घडी करून खिशात घातला.

तेव्हापासून दोघांची गट्टी जमली. बाई खिडकीत, काका बाहेर सायकलला टेकलेले, आणि बोलणं एकच, बर्फ. बाईंच्या लहानपणी नदी गोठली की तिच्यावरून ट्रक जायचे. तो कडकड आवाज त्या तोंडाने काढून दाखवायच्या आणि काका लहान पोरासारखे "अजून एकदा!" म्हणायचे. ऐन जुलैत त्या खिडकीवरून जाताना आम्ही जाकिटाची चेन वर ओढायचो.

"अरे, तिकडे कुणाची बोट अडकली ना, तर जो जवळ असेल तो धावतो," काका मला सांगायचे. "बोट कुठल्या देशाची ते मागाहून."

मग बावीसचा वसंत आला. रशियाने युक्रेनवर हल्ला केला. परिषदेचं अध्यक्षपद नेमकं तेव्हा रशियाकडे. बाकीच्या सात देशांनी सांगून टाकलं, आम्ही बैठकांना बसणार नाही. रशियन ठाण्यांवरून काकांकडे येणारी मोजमापं बंद झाली. "अर्धा समुद्र कोरा पडला रे," एवढंच म्हणाले. इमारत हलवणारा तो आवाज मला शेजारी उभं राहूनही नीट ऐकू आला नाही.

आणि योग बघा, आमच्याकडे त्याच वसंतात अध्यक्षपदाची पाळी तळमजल्याची होती.

दुसऱ्या मजल्याचे गृहस्थ अंगणातल्या सभेत उठले. "सध्याच्या परिस्थितीत बाईंची पाळी वगळावी."

"मी नाही म्हणते," बाई म्हणाल्या.

झालं, मला वाटलं, मिटलं. बायकोने तर पर्ससुद्धा उचलली. काका बुटांकडे बघत होते.

"ज्या सदस्याबद्दल प्रश्न आहे," ते म्हणाले, "त्याचं मत धरता येणार नाही."

"हा नियम कधीपासून?" बाईंनी विचारलं.

"आजपासून."

बाईंनी कोटाची बटणं गळ्यापर्यंत लावली. मग आपला चाकांचा वॉकर ढकलत त्या आत गेल्या. माझी बायको भिंत सोडून उठली आणि त्यांच्याबरोबर गेली. उरलेले सगळे आपापल्या खुर्चीला चिकटून.

मी काकांना सायकलींच्या खोलीत गाठलं. "काका, हे काय केलंत?"

"सात देशांनी केलं ते. मी कोण लागून गेलो?"

"पण बाई म्हणजे देश नाही हो. त्या तळमजला आहेत."

काकांनी सायकलचं कुलूप उघडलं, लावलं, परत उघडलं. "निरीक्षकांनी बोलायचं नसतं," ते म्हणाले. आवाजात थट्टेचा लवलेश नव्हता.

त्यानंतर बाई सभेला आल्या नाहीत. काका खिडकीवरून जाईनासे झाले, लांबच्या फाटकाने यायचे. पानं गळायला लागली तेव्हा घर विकून डेल्फ्टला निघाले.

सामान हलवायच्या दिवशी वारा असा, की इमारतीचं पुढचं दार एकसारखं हमालांच्या पाठीत बसत होतं. सोफा अर्धा आत, अर्धा बाहेर. इतक्यात तळमजल्याचं दार उघडलं. बाई वॉकर ढकलत आल्या, तो त्यांनी मोठ्या दाराला लावला, ब्रेक दाबला आणि त्याच्या बैठकीवर बसल्या. दार गप्प झालं.

त्यांच्या समोरून सोफा गेला, कपाटं गेली, गुंडाळलेले नकाशे गेले. सगळ्यात शेवटी काका आले, हातात कुंडी. त्यांच्यापुढे थांबले. काहीतरी बोलायला तोंड उघडलं.

बाई रस्त्याकडे बघत म्हणाल्या, "लवकर करा. थंडी आत येतेय."