अर्ध्या दिवसाचा अर्ज

पोटात अल्सर निघाला तेव्हा मैलापूरच्या डॉक्टरांनी माझं रसम बंद केलं, कॉफी बंद केली आणि दुपारनंतरचं ऑफिसही बंद केलं. रसम-कॉफीवाचून मद्रासेत माणूस जगतो तरी कसा, म्हणून बायको रडवेली झाली. ऑफिसबद्दल घरात कुणाला दुःख झालं नाही.

विमा कंपनीत आम्ही पत्रं लिहायचो, दहा ते साडेपाच. त्यातलं काम कितीसं? दहीभात पोटात गेला की सगळे पेंगायचे, चारच्या कॉफीला जागे व्हायचे, आणि साहेब बघतील म्हणून पाचला लेखणी उचलायचे. साहेब स्वतः कचेरीचे, म्हणजे मद्रासेतल्या गाण्याच्या मैफलींचे, दिवस आले की चारलाच गाणं ऐकायला सटकत. त्यांची प्रकृती उत्तम होती.

मी दुपारी एक वाजता टेबलावरून उठू लागलो. घरी जायचंय म्हटल्यावर हात कसा झरझर चालतो! दिवसाची पत्रं जेवणाआधीच हातावेगळी, चुकाही कमी. दुपारी वेस्ट मांबलमला घरी ताकभात आणि झोप. दोन महिन्यांत पोटातली आग निवली. मला वाटलं, पगार थोडा कापा, पण हे कायमचं का असू नये?

शेजारच्या टेबलावर आमच्याच तंजावरकडचे एक गृहस्थ बसत. पन्नाशी उलटलेली, तरी नेमणूक हंगामीच. मी त्यांना मामा म्हणायचो. ते म्हणाले, "अर्ज करू नको रे. काम लौकर होतं हे साहेबाला कळू द्यायचं नसतं." मला हसू आलं. काय भित्री माणसं ही! मी अर्जाला यादीच जोडली: पूर्वी दिवसभरात किती पत्रं, आता तीन तासांत किती.

साहेबांनी अर्ज दोनदा वाचला आणि माझी पाठ थोपटली. अर्ध्या दिवसात एकाचं काम होतं, तर पूर्ण दिवसात दोघांचं होईल, म्हणाले. पहिल्या तारखेपासून मी साडेपाचपर्यंत, आणि मामांची नेमणूक बंद. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात. माझ्या शहाणपणात बैल गेला तो मामांचा.

शेवटच्या दिवशी ते माझ्या टेबलाशी आले. चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. पिशवीत डबा ठेवत त्यांनी विचारलं, "पोट बरं आहे ना आता?"

"बरं आहे," मी म्हणालो. ते खरंच ठणठणीत होतं, आणि त्याचीच मला लाज वाटली.