खास लेडीजसाठी

खांदा आखडला म्हणून डॉक्टरांनी मला केर काढायला मनाई केली, तेव्हा नवरा मला व्हॅक्यूम क्लीनर बघायला दुकानात घेऊन गेला. विक्रेत्याने दोन-तीन हलके क्लीनर पुढे मांडले. मोटर, बॅटरी, आवाज हे सगळं तो नवऱ्याला समजावत होता. वजनाची गोष्ट निघाली की मात्र क्लीनर माझ्या हातात येत होता.

"उचलून बघा ताई, एकदम हलका. खास लेडीजसाठीच आहे."

दुखऱ्या हाताने मी एकेक उचलत राहिले आणि आतून तापत गेले. आमच्या घरात वस्तू अशाच हलक्या होत गेल्या. लोखंडी बादली जाऊन प्लास्टिकची आली, जाड बुडाचा कुकर जाऊन पातळ आला. वजन दरवेळी कमी झालं, काम माझ्याकडेच राहिलं. आताही दुखऱ्या खांद्याला पेलेल असंच यंत्र शोधणं चाललं होतं. घरात आणखी दोन धडधाकट खांदे आहेत, हे कुणाच्या मनातही आलं नव्हतं.

"यातला तुला कुठला झेपेल?" नवऱ्याने विचारलं.

हातातला क्लीनर मी त्याच्याकडे दिला. "तुला कुठला झेपतो ते बघ. केर तू काढणार आहेस."

विक्रेता दुसरीकडे बघायला लागला. नवऱ्याने क्लीनर फरशीवर टेकवला आणि पुढे-मागे ढकलून पाहिला.

"वाकावं लागतंय गं," तो म्हणाला.

"हो," मी म्हणाले. "लागतं."