चारशे सतरा नंबरचं झाड

क्लाइव्ह थर्लवेलनं हातोडी मारली की झाड बोलायचं. भरीव खोड ‘ठक्’ म्हणायचं, आतून कुजलेलं ‘ढब्’. ब्रॅकनहोपच्या खाणवस्तीतली कौन्सिलची भाड्याची घरं एका गृहनिर्माण संस्थेकडं गेली, तेव्हा घरांबरोबर अडीच हजार झाडं गेली आणि झाडांबरोबर ती तपासणारा थर्लवेलही गेला. दर तीन वर्षांनी प्रत्येक झाड त्याच्या हातोडीखालून जायचं. बुंध्यावर नंबराचा बिल्ला. नंबर बघायचा, खोड चहूबाजूंनी ठोकायचं आणि लिहायचं: ठीक, छाटणी किंवा तोड. भाडेकरूंच्या तक्रारी निराळ्याच असायच्या. कुणाच्या खिडकीत उजेड येत नाही, कुणाच्या गाडीवर चिकट थेंब पडतात. त्यांना तो म्हणायचा, “मी झाडांचा डॉक्टर. गाडी आजारी असंल तर गॅरेजात न्या.”

पण गेली दोन वर्षं सगळी झाडं एकाच आवाजात बोलायला लागली होती. थर्लवेलला ते उशिरा उमगलं. कान जातो तो काही निरोप ठेवून जात नाही. उमगलं तेव्हाही त्यानं ते दाबून टाकलं. थंडी असेल, वारा असेल, हातोडीचं तोंड झिजलं असेल. नवी हातोडी आणली. नवीही तसलीच.

ऑक्टोबरातल्या एका सकाळी तो म्हाताऱ्यांच्या बैठ्या घरांमागून चालला होता आणि चारशे सतरा नंबरच्या सिकॅमोर वृक्षापाशी थबकला. बुंध्याशी, दोन मुळांच्या बेचक्यात, करपलेल्या पावासारखी काळी खपली धरली होती. ही बुरशी त्याला ठाऊक होती. वरून झाड हिरवंगार ठेवते आणि खालून मुळं खाते. एप्रिलमध्ये त्यानंच या झाडापुढं ‘ठीक’ लिहिलं होतं. आणि झाडाच्या सावलीत, वीस पावलांवर, म्हाताऱ्या भाडेकरू रॉब्सनबाईंचं छप्पर होतं.

त्यानं ठोकलं. ठक्. दुसऱ्या बाजूनं ठोकलं. ठक्. कुजलेल्या जागेनं असं म्हणायला नको होतं.

कुणीतरी बाही ओढली. चौऱ्याऐंशी वर्षांच्या रॉब्सनबाई सपाता घालून ओल्या गवतात उभ्या होत्या.

“दोन वरसं काचंवर अंगठी वाजवतीय मी,” त्या म्हणाल्या. “चहा घ्यायला ये म्हणून. वळून बघत न्हाईस. म्हटलं, सायबाला आमचा चहा चालंना.”

“कामात ध्यान नसतं, बाई.”

“मघाधरनं माझ्या व्हटांकडं बघतूयास. माझा म्हातारा असाच बघायचा. मला वाटायचं, अजून जीव हाय माझ्यावर. मग कळलं, बहिरा झालाय.”

बाईंनी त्याच्या हातातल्या हातोडीकडं पाहिलं, झाडाकडं पाहिलं, मग स्वतःच्या छपराकडं पाहिलं.

“आरं देवा,” त्या हळूच म्हणाल्या. “आन् तू कानानं झाडं तपासतूस.”

दोन वर्षांत त्यानं सोळाशेवर झाडं तपासली होती. त्यातली नव्वद शाळेच्या वाटेवर. तरुणपणी तो ज्या खाणीत होता, तिथं ज्याला छताचा आवाज कळत नाही त्याला त्याच दिवशी वर पाठवत. मुकादम शिव्या देत नसे, नुसता वर जाणाऱ्या जिन्याकडं बोट करी. त्या बोटाच्या भीतीनंच थर्लवेल गप्प राहिला होता.

झाडाचा निकाल लागेपर्यंत त्यानं बाईंना त्यांच्या बहिणीकडं धाडलं. “तिचा चहा म्हंजी भांडी धुतल्यालं पानी,” असं कुरकुरत त्या गेल्या. मग तो टेसा पॅटिसनच्या टेबलापुढं जाऊन उभा राहिला. टेसा एकेकाळी दोरावर लोंबकळत फांद्या कापायची, आता वृक्षविभाग सांभाळायची. त्यानं सगळं सांगितलं.

“हे आत्ता सांगतोयस?”

“आत्ता बुरशी दिसली.”

“आणि दिसली नसती तर?”

त्यानं हातोडी टेबलावर ठेवली.

दुसऱ्या दिवशी टेसा बारीक सुईचं यंत्र घेऊन आली. सुई खोडात शिरते, लाकूड कुठं घट्ट, कुठं भुसभुशीत ते कागदावर रेघेनं उमटतं. चारशे सतराला सहा ठिकाणी टोचलं. एका बाजूला तळहाताएवढी कूज, बाकी लाकूड दगडासारखं. वरचा पसारा तिसऱ्या हिश्शानं उतरवला तर झाड उभं राहणार होतं. मग टेसानं त्यानंच ‘ठीक’ लिहिलेली चाळीस झाडं निवडली, सगळ्यांत आधी शाळेच्या वाटेवरची. तीन दिवस सुई टोचली. एकोणचाळीस निर्दोष. पार्किंगमधली एक चेरी तेवढी पोकळ निघाली, ती त्याच दुपारी उतरवली.

टेसा एका झाडाखाली कागद पसरून बसली. “मला एक सांग. कान नाहीत, तर हे जमलं कसं? परत ठोकून दाखव.”

त्यानं ठोकलं. ती खोडाऐवजी त्याच्याकडं बघत राहिली.

“हा डावा हात का टेकवतोस? पोरं म्हणतात, थर्लवेल झाडाला आशीर्वाद देतो.”

थर्लवेलनं हाताकडं तो दुसऱ्याचाच असल्यासारखं बघितलं. “खाणीतली सवय. यंत्रं सुरू असली की दणदणाटात काय ऐकू येणार? म्हातारे शिकवायचे, काठीनं छत ठोक आन् दुसरा पंजा छताला लाव. सुटलेला दगड पंज्यात थरथरतो.”

टेसानं करवतवाल्यांची कानांवरची जाड झाकणं काढून त्याच्या डोक्यावर बसवली. “डोळे मीट.” ती हात धरून त्याला झाडाझाडाशी नेत होती. त्यानं दहा झाडं ठोकून सांगितली. नऊ बरोबर. दहाव्याला तो म्हणाला, “हे नक्की सांगता येईना.” आणि सुईलाही ते नक्की सांगता आलं नाही.

“बरं,” टेसा म्हणाली. “उरलेली सगळी आपण दोघं पुन्हा बघायची. आणि सोमवारी कानाच्या डॉक्टरकडं. पुन्हा लपवलंस तर मीच जिना दाखवीन.”

थर्लवेल व्हॅनमध्ये जाऊन बसला. दोन वर्षांत पहिल्यांदाच त्याला भूक लागल्याचं जाणवलं.

नोव्हेंबरात चारशे सतराचा पसारा उतरला. त्याच आठवड्यात कानामागं दोन छोटी यंत्रं घेऊन थर्लवेल झाडापाशी आला. डावा पंजा टेकवला, हातोडी मारली. ठक्. पलीकडं जाऊन मारली. ढब्. दोन्ही आवाज वेगळे आले.

मागून टकटक आली, बारीक, घाईची, काचेवरची.

थर्लवेल वळला. खिडकीत रॉब्सनबाई अंगठीचं बोट वर करून उभ्या होत्या. तो वळला हे बघून त्या क्षणभर गोंधळल्या, मग मागं सरून त्यांनी चहाची किटली लावली.