भोंगा, ढोली आणि बाबांची अट

पॅड घरी आले त्या दिवशी आईनं पहिला प्रश्न विचारला, "वाजत काऊन नाई? मुकं आणलं का?"

तिचं काही चुकलं नव्हतं. काळ्या रबराचे चार पॅड, एक स्टँड आणि लाल दिवे लुकलुकणारी एक पेटी, एवढाच तो इलेक्ट्रॉनिक ड्रम. काडी मारली की नुसतं टप् टप्, कुणी दार ठोठावल्यासारखं. खरा आवाज त्या पेटीच्या पोटात; तो बाहेर काढायला अ‍ॅम्प्लिफायर पाहिजे, स्पीकर पाहिजे. हे मला ठाऊक होतं. पण नागपूरच्या ऑर्केस्ट्रातला एक वादक आपला जुना सेट विकतोय म्हटल्यावर ट्यूशनचे सगळे साठवलेले पैसे मी त्यातच घातले. हौसेला मोल नसतं म्हणतात. स्पीकरला असतं, हे नंतर कळलं.

ऐंशीच्या दशकाचा शेवट होता. आम्ही ऊर्जानगरला क्वार्टरमध्ये राहायचो, बाबा वीज केंद्रात फिटर होते. कॉलनीतल्या पोरांची जयंतीची गाणी म्हणणारी एक पार्टी होती आणि तिच्यात ढोलकी वाजवणारी मी एकटी पोरगी. पोरगी काय वाजवणार, असं म्हणणारे पुष्कळ होते. त्यांना मी उत्तर देत नसे, आणखी जोरात वाजवत असे. त्या वर्षी नागभीडजवळच्या आमच्याच गावानं पार्टीला जयंतीचं बोलावणं धाडलं आणि मी ठरवलं की तिथे वाजवायचं ते हेच.

बाबांची अडचण पोरीची नव्हती, वाद्याची होती. आमचे आजोबा त्या गावात डफडं वाजवायचे. हौस म्हणून नव्हे, गावानं गळ्यात अडकवलेलं काम म्हणून. मालगुजाराच्या, म्हणजे गावच्या जमीनदाराच्या घरी लग्न असो की मयत, आजोबांनी दाराबाहेर उभं राहून वाजवायचं आणि शेवटी उरलंसुरलं पदरात घेऊन यायचं. छप्पन साली आमच्या लोकांनी धर्म बदलला, तेव्हा आजोबांनी ते डफडं फोडलं आणि चुलीत घातलं. आत्या सांगायची, त्या जाळावर शिजलेल्या भातासारखा भात तिनं पुन्हा कधी खाल्ला नाही. तेव्हापासून आमच्या घरात वाजवायच्या वस्तूला जागा नव्हती. माझी ढोलकीसुद्धा कॉलनीच्या हॉलमध्येच राहायची. आणि गंमत अशी, की कंपनीच्या बसची वाट पाहत उभा असलेला हाच माणूस जेवणाच्या डब्यावर बोटं वाजवत राहायचा. आपण पाहिलं की बोटं खिशात.

पॅड पाहून बाबांनी एकच अट घातली. "वाजव. मी नाई म्हनत नाई. पण त्याच्यातून डफड्यावानी आवाज निंगाला, त त्या गावात वाजवाचं नाई. दुसरीकडं कुठीबी वाजव."

एवढंच ना, म्हटलं. आधी घरच्या टेपरेकॉर्डरला वायर जोडली. पहिल्याच ठोक्याला त्याचा इवलासा स्पीकर फाटला आणि पुढे कितीतरी महिने आईची गाणी शेंबडात बुडाल्यासारखी ऐकू यायची. मग नागपूरला जाऊन गिटारचा अ‍ॅम्प्लिफायर पाहून आले. दुकानदार भला निघाला. म्हणाला, "बेटा, ये गिटार के लिए है. ढोल का नीचेवाला आवाज इसको झेपेगा नहीं." त्याला झेपलं असतं तरी त्याची किंमत मला झेपली नसती, म्हणून मी फार हळहळले नाही.

राहता राहिला माइकसेट आणि भोंगा. स्वस्त, भाड्यानं मिळणारा आणि सगळ्यांच्या ओळखीचा. आमच्या भागात कार्यक्रम चांगला झाला की नाही हे आवाज किती गोड होता यावर ठरत नाही, किती गावं ऐकू गेला यावर ठरतं. झाडावर भोंगा नसेल तर लोक विचारतात, कार्यक्रम रद्द झाला का? मीही त्याच मातीतली. चंद्रपूरहून माइकसेट आणला, भोंगा क्वार्टरच्या गच्चीवर बांधला आणि दणकून वाजवायला बसले.

ढोलाच्या जागी डबा. घुमण्याच्या जागी तडतड. भोंग्याला पोटच नसतं, त्याला नुसता घसा असतो. खालचा आवाज त्यातून निघतच नाही. पण तेव्हा मला कोण सांगणार? मी आपली बटणं पिळत बसले होते, तेवढ्यात बाबा बसमधून उतरले. फाटकापाशी थांबले. घरात आले तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता.

"घरात डफडं वाजून राह्यलं का?" ते एवढंच बोलले आणि न जेवता आडवे झाले.

मला बाबांचा राग आला, भोंग्याचा आला, आजोबांच्या त्या मालगुजाराचा तर सगळ्यात जास्त आला. रागात मी कामं बरी करते. दुसऱ्या दिवशी रेडिओ दुरुस्त करणाऱ्याच्या दुकानात जाऊन बसले. त्याच्याकडे एका बंद पडलेल्या टुरिंग टॉकीजचा परातीएवढा स्पीकर धूळ खात पडला होता. कागद एका जागी उसवला होता, तो त्यानं खळीनं चिकटवला आणि एक जुना अ‍ॅम्प्लिफायर जोडून दिला. "याले लाकडाची पेटी पाह्यजे बरं. उघडा वाजवला त मजा नाई," असं त्यानं बजावलं. पण सुताराची पेटी स्पीकरपेक्षा महाग पडत होती. घोडं तिथेच पेंड खात होतं आणि जयंती उद्यावर आली होती. मी तो स्पीकर पेटीशिवायच, गोधडीत बांधून पार्टीबरोबर गावी नेला.

आत्या गावातच राहायची; तिच्या अंगणात वायर जोडली. रेडिओवाला खरं बोलला होता. एवढा मोठा स्पीकर, पण आवाज पोकळ, समोरून यायचा आणि मागून पळून जायचा. कोंबड्या त्याच्यावर चढायला लागल्या म्हणून मी वैतागून तो उचलला आणि ओसरीतल्या ढोलीच्या तोंडावर पालथा ठेवला. ढोली म्हणजे धान साठवायची बांबूची कणगी, आतून-बाहेरून शेणामातीनं लिंपलेली. धान संपल्यानं ती रिकामीच होती. पार्टीतल्या एकानं सहज पॅडवर काडी मारली.

धम्म!

छपराची माती खाली आली. चुलीपाशी बसलेली आत्या छातीवर हात ठेवून उभी राहिली. "अवो माय! हे त पोटात वाजते."

मग काय, ढोली अंगणात आणून आडवी केली, तोंडात स्पीकर बसवला. फटीतून आवाज सुटत होता, तर आत्यानं शेणमाती कालवून स्वतःच्या हातानं कड लिंपली. म्हणाली, "माहा धान सांभाळते, तुहा आवाज नाई सांभाळणार का?" नागपूरच्या दुकानात जे मिळालं नाही ते आमच्या ओसरीत होतं. त्या ढोलीचा मला आजही गर्व आहे.

दुसऱ्या दिवशी दिवस कलल्यावर गाणी सुरू झाली. गायकांसाठी गावकऱ्यांनी निंबावर भोंगा चढवलाच होता. त्यात मी पडले नाही. माझी ढोली मांडवाच्या कडेला जमिनीवर होती. बाबा पहिल्या रांगेत, हाताची घडी घालून. पहिलं गाणं झालं, दुसरं झालं. जमीन हलत होती, पोरं नाचत होती आणि मी फक्त ती घडी पाहत होते. तिसऱ्या गाण्यात ती सुटली. गाणं संपल्यावर बाबा उठले आणि थेट माझ्याकडे आले.

"वायर भोंग्याले लाव."

"बाबा, तुमीच त म्हनलं होतं—"

"लाव म्हनलं ना."

मी वायर बदलली. त्यांनी माझ्या हातून काड्या घेतल्या. उजवी घट्ट धरली, डावी बोटांत सैल सोडली, तशी मी कुणाला धरताना पाहिली नव्हती. मारलं. निंबावरून तीच तडतड सुटली. पहिल्यांदा बाबा चुकले, थांबले, पुन्हा सुरू केलं. मग हात लागला. डब्यावर बोटं वाजवायचे तोच ताल, आता मालगुजाराच्या कौलांवरून पलीकडच्या गावापर्यंत. खाली बसलेली म्हातारी माणसं एकेक करून उभी राहिली. आत्या पदर तोंडाशी धरून म्हणाली, "बुढ्याचाच हात हाय." बुढा म्हणजे तिचा बाप, माझे आजोबा.

बाबांनी काड्या परत दिल्या. "कोनाच्या दारात नाई वाजवलं," ते म्हणाले, "आपल्या मांडवात वाजवलं."

पुढचं गाणं धरायचं होतं. ड्रमच्या पेटीला दोन वायरी लावायची सोय होती, पण ठेवायची कोणती, ढोलीची की भोंग्याची? मी बाबांकडे पाहिलं.

"दोन्ही लाव," बाबा म्हणाले.