बकऱ्याचं फुप्फुस आणि सायकलचा पंप

नवऱ्याची हिंदी मुलखात, गोविंदपुऱ्यात बदली झाली आणि मला नेहरू नगरजवळच्या एका सरकारी शाळेत विज्ञान शिकवायचं काम मिळालं. प्रयोगशाळा म्हणजे एक टेबल आणि चार परीक्षानळ्या. आठवीला श्वसन शिकवताना मी फळ्यावर दोन फुगे काढले.

"मॅडम, फेफड़े ऐसे खाली नहीं होते," मागून एक मुलगी म्हणाली. फुप्फुसं अशी आतून पोकळ नसतात, असं तिचं म्हणणं.

"तुला कसं माहीत?" मी हिंदीत विचारलं.

तिच्या शेजारची खिदळली, "इसके अब्बू की मटन की दुकान है!"

तिनं मान खाली घातली. मी म्हटलं, "मग आपल्याला खरं फुप्फुस मिळेल का?"

तिनं झटकन वर पाहिलं. "कल ला दूँ?"

मुख्याध्यापिकाबाईंनी परवानगी दिली, पण दोन अटी घातल्या. ज्यांना बघायचं नाही त्यांच्यावर जबरदस्ती नको, आणि नंतर टेबल फिनाईलनं धुवायचं.

दुसऱ्या दिवशी ती स्टीलचा डबा घेऊन आली. आत बकऱ्याचं फुप्फुस, श्वासनलिकेसकट, स्वच्छ धुतलेलं. मी जन्माची शाकाहारी. हात पुढे होईना. तिनंच ते अलगद उचलून ताटात ठेवलं. "डरिए मत, मॅडम. नरम है."

खरंच मऊ होतं, ओल्या स्पंजासारखं. शिपाईकाकांच्या सायकलचा पंप आणला, त्याची नळी श्वासनलिकेत घालून सुतळीनं बांधली. मी पंप मारला. नुसतं फुस्स! पुन्हा मारला, पुन्हा फुस्स. तिनं कान लावला, बोटांनी चाचपलं आणि एका बारीक चिरेवर अंगठा दाबला. "अब मारिए!"

आणि ते चुरगळलेलं, काळपट लाल फुप्फुस फुलायला लागलं! गुलाबी होत होत ताटाबाहेर गेलं. वर्गात एकच किंकाळी. बघायचं नाही म्हणून बाहेर थांबलेल्या पाचही जणी खिडकीच्या गजांना लटकल्या. पंप थांबवला की ते हळूहळू बसायचं, मारला की पुन्हा फुलायचं. मुली आपापल्या बरगड्यांवर हात ठेवून मोठमोठे श्वास घेत होत्या. मीही घेत होते.

मग तिनं एका टोकाला सुतळी आवळून बांधली आणि त्यापलीकडचा तुकडा कापून पाण्यात टाकला. तो तरंगला. "देखा? हवा पूरे में भरी रहती है, छोटे-छोटे खानों में!" म्हणजे बारीक बारीक कप्प्यांत.

खिदळणारी मुलगी आता तिला चिकटून उभी होती. "मला पण दाबू दे ना अंगठा," अशा अर्थाचं काहीतरी दहा वेळा म्हणाली.

मधल्या सुट्टीत दुसऱ्या तुकडीच्या मुली दारात जमल्या. त्यांनाही बघायचं होतं. मी शिकवणं डबा आणणाऱ्या मुलीवर सोपवलं, पंप धरला, आणि ती सांगेल तेव्हा मारत राहिले.