उंबऱ्याबाहेरचं इंजेक्शन

ठाकूरसाहेबांची जहागीर गेली आणि वडिलांची नोकरीही गेली. साताऱ्याकडून वडील जयपूरला आले होते, कानोता गावाच्या वाटेवरच्या ठाकूरसाहेबांच्या हवेलीत त्यांची कुत्री सांभाळायला. निरोपाच्या वेळी ठाकूरसाहेबांनी त्यांच्या हातात एक अल्सेशियन कुत्री दिली. आई म्हणाली, "आपल्याच ताटात भाकरी नाही, आणि हे आणखी एक तोंड!" खरंच होतं ते. त्या हिवाळ्यात कित्येकदा बाजरीची राब, म्हणजे तिकडची पातळ आंबील, पिऊनच आम्ही झोपलो.

पण त्याच तोंडानं आम्हाला जगवलं. तिची पिल्लं विकत न्यायला लष्करातले साहेब घरी येऊ लागले. भाकरीवर तूप आलं आणि मी कॉलेजात गेले. आमच्या अख्ख्या भावकीत तोवर कॉलेजची पायरी कुणी चढलं नव्हतं. हे मी आजही कुणी न विचारता सांगते.

पिल्लांचे डॉक्टर वडीलच. जंतांचं औषध, नखं, कानातली घाण, सगळं त्यांच्या हातचं, आणि हात चांगला होता. त्यांचा एकच कडक नियम होता. पिल्लं ताटलीतलं दूध पिऊ लागेपर्यंत त्या खोलीत परक्यानं पाऊल टाकायचं नाही. परका माणूस आत गेला की बिथरलेली कुत्री स्वतःची पिल्लं मारते, हे त्यांनी हवेलीत एकदा डोळ्यांनी पाहिलं होतं.

मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होते तेव्हाची गोष्ट. थंडीचे दिवस होते, पिल्लांचे डोळे नुकतेच उघडले होते. दुपारी घरी आले तर कुत्री आडवी पडलेली, पाय ताठ, अंग थरथरतंय, जीभ बाहेर. वडिलांनी तिच्यावर गोधडी टाकली होती, शेजारी शेगडी पेटवली होती आणि ओव्याचा काढा पाजायची खटपट चालली होती.

"थंडी बाधलीय," ते म्हणाले.

"दादा, मी डॉक्टरांना घेऊन येते."

"खोलीत कुणी येणार नाही. चार बुकं वाचलीस म्हणून बापाला शिकवतेस?"

"ही गेली तर पिल्लांना कोण पाजणार?"

"हे पाजतील की," आई दारातून म्हणाली, "मिशीवाली माउली!"

वडिलांना हसू आलं नाही. ही गेली तर घर पुन्हा त्या राबेवर येणार आणि माझं कॉलेज सुटणार, हे आम्हा तिघांनाही कळत होतं. मग आईच म्हणाली, "अहो, नियम खोलीचाच ना? मग डॉक्टर नको आत. हिलाच बाहेर आणा की."

 वडिलांनी कुत्रीला गोधडीसकट उचलून ओसरीवर आणलं, आणि मी सायकल काढली.

जनावरांच्या सरकारी दवाखान्यातले डॉक्टर ओसरीवरच बसले. तिच्या अंगाला हात लावून त्यांनी आधी गोधडी फेकली. "भाईसाहब, ये ठंड नहीं है. इतने बच्चे दूध पी रहे हैं, बदन का चूना निकल गया. ऊपर से आपने भट्टी में बिठा दिया!"

वडिलांनी कमरेची तंबाखूची डबी काढली. "चूना तो हमारे पास भी है."

"वो आप ही खाइए," डॉक्टर हसत म्हणाले आणि पायाच्या शिरेत सावकाश, अगदी सावकाश कॅल्शियमचं इंजेक्शन देऊ लागले.

बघता बघता थरथर थांबली. कुत्रीनं मान वर केली, वडिलांचा हात चाटला. थोड्या वेळानं ती आपल्या पायांनी पिल्लांकडे निघाली, पण डॉक्टरांनी उंबऱ्याच्या अलीकडेच अडवलं. आज तिचं दूध पिल्लांना नको, वरचं दूध पाजा, म्हणाले. त्या दिवशी मिशीवाल्या माउलीनं कापसाच्या बोळ्यानं खरंच पिल्लं पाजली. आई तोंडाला पदर लावून हसत होती.

कुत्री पाळून पिल्लं विकणाऱ्यानं त्यांचा डॉक्टरही व्हावं का, असं मला अजून कुणी कुणी विचारतं. मी सरळ सांगते, नखं कापा, कान पुसा, जंतांचं औषध द्या, ते तुम्हालाच नीट जमेल. अंग थरथरलं की सायकल काढा.

त्यानंतर प्रत्येक वेताला वडील आधी डॉक्टरांना निरोप धाडायचे. पिल्लं ताटलीतलं दूध पिऊ लागली की एकेक बाहेर आणून लस टोचून घ्यायचे. डॉक्टरांना चहा ओसरीवरच मिळायचा.

त्या वेताची सगळी पिल्लं जगली. मी बी.ए. झाले, आमच्या घराण्यातली पहिली.